परत द्यायचा तांब्या

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

पुण्याहून निघायलाच दुपार झाली. संभाजीनगरला पोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ. आत्या पायरीवर बसून होती, कोपराशी बॅग भरलेली, जणू आत्ताच निघायचंय. बॅगेशेजारी कापडी पिशवी आणि तिच्यात जुन्या ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी गोल.

"हे काय गं?"

"किल्लारीला द्यायचंय. गाडीत पायाशी ठेवू नकोस."

महिन्यापूर्वी तिचा फोन आला होता. "मला एकदा सगळ्यांना भेटून यायचंय." सगळे म्हणजे कोण, असं विचारल्यावर जी यादी आली तिच्यातले निम्मे कबरस्तानात होते. आत्याचं वय एक्याऐंशी. नव्वदाव्या स्तोत्रात मोशे माणसाला सत्तर वर्षं देतो, अंगात जोर असेल तर ऐंशी. आत्याचं म्हणणं, "ऐंशीच्या पुढं मी बोनसवर आहे. आणि बोनस काय एफडीत ठेवायचा असतो का?"

गाडी माझा मुलगा चालवणार. वय एकोणीस, लायसन्स पाच महिन्यांचं. आत्याला याची काळजी नाही, मला आहे.

शनिवार, १ नोव्हेंबर

उद्या मृतांचा दिवस, २ नोव्हेंबर. त्या दिवशी कबरांवर मेणबत्त्या लावायच्या, ही मुळात आईकडची रीत. आई वैजापूरकडची, कॅथलिक. बाबांकडचे प्रॉटेस्टंट, तिकडे कबरस्तानात जायचं ते ईस्टरच्या पहाटे. लग्नानंतर दोन्ही रीती घरात राहिल्या आणि त्यावरून कुणी कधी भांडलं नाही. भांडायला दुसरे विषय पुष्कळ होते.

सकाळी सातला छावणीतल्या कबरस्तानात. बादलीत रात्रभर भिजवलेला चुना, त्यात चिमूटभर नीळ, दोन कुंचे, झेंडू, शेवंती, मेणबत्त्यांचा पुडा. यंदा सप्टेंबरात पावसानं मराठवाडा धुऊन काढला, त्यामुळं गवत कमरेएवढं. बाबांची कबर शोधायला वेळ लागला. चुना पार उडालेला, एका कोपऱ्यातून तरवड वर आलेला.

माझ्या भावाला ग्रॅनाइट बसवायचा होता. तो दुबईला असतो, पैसे पाठवायला तयार होता, डिझाइनही व्हॉट्सॲपवर आलं होतं. आत्यानं मोडता घातला. "ग्रॅनाइट बसवला की पाच-पाच वर्षं कुणी फिरकत नाही. चुना दरवर्षी उडतो, म्हणून तर यावं लागतं." भाऊ चिडला होता. मलाही तेव्हा ते जुन्या माणसाचं आडमुठेपण वाटलं होतं. आज कुंचा हातात घेऊन उकिडवं बसल्यावर, पाठीवर ऊन आल्यावर, बाबांच्या उशाकडून पायांकडं चुना ओढत जाताना भावाला फोटो पाठवावासा वाटला. पाठवला. त्याचं उत्तर आलं, "पाय जास्त पांढरे झालेत."

चुना वाळेपर्यंत आत्या काठी टेकत जुन्या भागात गेली. तिथं इंग्रज पलटणीतल्या लोकांच्या कबरा आहेत, आणि त्यांच्या मुलांच्या. मुलांच्याच जास्त वाटतात. पटकी, देवी, हगवण, उन्हाळा. ती दगडावर बोट फिरवून वाचत होती आणि मला हाक मारून दाखवत होती. मोठ्या माणसाच्या दगडावर वय वर्षांत लिहिलेलं. एकदोन वर्षांच्या पोराच्या दगडावर महिने. आणि एका अगदी छोट्या, पाटाएवढ्या दगडावर महिने आणि दिवस. अकरा दिवस.

"आमच्या रजिस्टरला पण असंच होतं," आत्या म्हणाली. तिनं चौतीस वर्षं मिशन दवाखान्यात नर्सिंग केलं. "वयाचा रकाना. मोठ्यांना साल, बाळंतिणीच्या वॉर्डात दिवस, आणि कधी कधी तास. जेवढं थोडं तेवढं बारीक मोजायचं."

त्यावरून मुलाला काय सुचलं कोण जाणे, त्यानं मोबाइलवर आपल्या आजोबांचे दिवस काढले. अठ्ठ्याहत्तर वर्षं आणि पाच महिने. २८,६४०.

आत्यानं आकडा दोनदा म्हणून पाहिला. "एवढेच? रुपये असते तर आजकालच्या स्टाफ नर्सचा महिन्याचा पगारसुद्धा झाला नसता."

मग आम्ही तिघंही हसलो, कबरस्तानात हसू नये एवढ्या मोठ्यानं. दिवस मोजायला शिकव, अशी त्याच स्तोत्रात मागणी आहे. मी ते लहानपणापासून म्हणते आणि म्हणताना कधी हिशेब केला नव्हता. बाबांना मिळालेल्या २८,६४० दिवसांतले माझ्या आठवणीत स्पष्ट असलेले किती? पन्नास? त्यातला एक असा की, ते मला सायकलच्या दांडीवर बसवून क्रांती चौकातून चाललेत आणि चेन पडते. चेन बसवून झाल्यावर ते काळे हात माझ्या नाकाला लावतात. तेवढाच. त्या दिवशी कुठं चाललो होतो, ते गेलं.

दुपारी खुलताबाद. हे आत्याच्या यादीत नव्हतं, मुलाच्या होतं. त्यानं औरंगजेबाची कबर पाहिली नव्हती आणि गेल्या वर्षभरात बातम्यांत एवढी पाहिली की, खरी बघायची होती. शनिवार असल्यामुळं भद्रा मारुतीला जाणाऱ्यांची गर्दी, त्यात दौलताबादच्या दरवाजात एक एसटी आणि एक ऊस भरलेला ट्रॅक्टर समोरासमोर. पंचवीस-तीस किलोमीटरला दीड तास लागला.

दारात पोलिस, वही, नाव-गाव. आत शिरल्यावर पोरगं म्हणालं, "एवढीच?"

एवढीच. वर छत नाही, मधोमध उघडी माती, मातीत सब्जाचं रोप. आपली कबर साधी असावी, असं त्यानंच सांगून ठेवलं होतं, टोप्या शिवून मिळालेल्या पैशांत भागेल एवढी. भोवतीचं संगमरवर नंतरचं, लॉर्ड कर्झनच्या काळातलं. म्हणजे गेल्यावर कुणीतरी ग्रॅनाइट बसवलाच. (आत्यानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या.) त्याच्याबद्दल मराठी माणसाला जे वाटायचं तेच आम्हालाही वाटतं, देऊळ वेगळं असलं म्हणून इतिहास वेगळा होत नाही. पण आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं हा माणूस दख्खन जिंकायला इथं झुरला, १७०७ साली नगरला गेला तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होता, आणि मरताना मुलाला लिहिलेल्या पत्रात, मी एकटा आलो आणि परका होऊन चाललो, अशा अर्थाचं काहीतरी आहे. अठ्ठ्याऐंशी म्हणजे आत्याच्या हिशेबानं चांगला आठ वर्षांचा बोनस. तो त्यानं लढाईत घातला.

सब्जाला मंजिऱ्या आल्या होत्या. एक मुंगळा त्यांच्यावरून वर-खाली करत होता. आत्याचे गुडघे दुखायला लागले होते, आम्ही निघालो.

रविवार, २ नोव्हेंबर

जालन्याला साडेनऊच्या उपासनेला पोचायचं म्हणून सहाला निघालो. करमाड मागं पडलं आणि बदनापूरच्या अलीकडं आत्यानं गाडी थांबवायला लावली. मला वाटलं, गुडघा. तिला कापसाचं शेत बघायचं होतं.

वेचणी चालली होती. पावसात भिजून काळी पडलेली बोंडं खालच्या फांद्यांना तशीच लटकत होती, वरचा कापूस पांढरा फुटलेला. ओटीत कापूस भरलेली एक बाई आमच्याकडं बघत उभी राहिली. झाडावर अजून उशिराची फुलं होती, दोन रंगांची. काही पांढरट-पिवळी, काही गुलाबी. मुलगा म्हणाला, दोन जाती लावल्यात वाटतं.

"न्हाई, एकच हाय," ती बाई म्हणाली. "पांढरं आजचं, गुलाबी कालचं."

बस्स. सकाळी उमलतं तेव्हा पांढरट, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग सुकतं आणि गळतं, खाली बोंड धरतं. मी मराठवाड्यात वाढले, बारावीपर्यंत शिकले, लेकरांना बारा वर्षं विज्ञान शिकवलं आणि हे मला माहीत नव्हतं. जवळ जाऊन पाहिलं. आजच्या फुलाच्या पाकळ्या छत्री अर्धी उघडावी तशा एकावर एक वळलेल्या, ओलसर, आत परागांचा पिवळा खांब. कालच्याच्या कडा कागदासारख्या चुरगळलेल्या, पण रंग असा की, नव्या साडीला शोभावा. मरताना रंगतं ते फूल.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, रानातली फुलं बघा, ती कष्ट करत नाहीत, कातत नाहीत, तरी शलमोन राजालाही त्यांच्यासारखे कपडे नव्हते. आपल्या मराठी बायबलात तिथं 'भूकमळे' असा शब्द आहे. रविवारच्या शाळेत आम्ही दरवर्षी विचारायचो, बाई, भूकमळ म्हणजे काय? बाई म्हणायच्या, कमळासारखं असतं, जमिनीवर येतं. त्यांनीही पाहिलेलं नव्हतं. आत्यानं त्या बाईला विचारून एक गुलाबी फूल तोडून घेतलं आणि बायबलात घातलं. "हे घ्या तुमचं भूकमळ. आणि कातायचं म्हणाल तर हे पुढं कातलंच जाणार आहे."

त्या बाईनं विचारलं, कुठं चाललात? चर्चला म्हटल्यावर म्हणाली, "आमच्यासाठी पण मागा काहीतरी. औंदा लय गेलं."

जालन्याबद्दल म्हण आहे, जालना सोने का पालना. आता बियाण्यांच्या कंपन्या आणि स्टीलचे कारखाने, पालना धुरकट झालाय. आम्हाला जायचं होतं ते गावाजवळच्या बेथेलला. ही वस्ती नारायण शेषाद्रींनी वसवली. शेषाद्री मूळचे ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. पाठचा भाऊ श्रीपतही त्याच वाटेनं निघाला होता, पण तो अल्पवयीन होता, प्रकरण कोर्टात गेलं, कोर्टानं त्याला घरच्यांच्या हवाली केलं. त्याला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले. त्या पायी मुंबईत केवढं वादळ उठलं होतं. एक भाऊ इकडं, एक तिकडं. नारायणराव पुढं निजामाच्या मुलखात आले, दिवाण सालारजंगाच्या दरबारातून जमीन मिळवली आणि वस्तीला नाव दिलं बेथेल, देवाचं घर. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब घरातून पळालेला असतो, रात्री उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपतो आणि त्या जागेला हे नाव देतो. गावकुसाबाहेरून आलेल्या लोकांना ते नाव आपलं वाटलं असणार.

आमचे पणजोबा तिथं आलेल्यांपैकी. कुठल्या साली, कुठल्या गावाहून, कशासाठी, काही ठाऊक नाही. पणजीचं तर नावही ठाऊक नाही. मी आत्याला विचारलं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. "तुझी आजी तिला 'आत्याबाई' म्हणायची, सासू म्हणून. बाकी सगळे 'म्हातारी'. नाव मी कधी ऐकलंच नाही." चार पिढ्या. तिच्याच हाडाची आम्ही माणसं आणि तिचं नाव घातलेलं एखादं भांडंसुद्धा घरात नाही.

उपासनेला माणसं बऱ्यापैकी होती. पेटी, तबला, झांजा, अभंगाच्या चालीवरची गीतं. मागच्या बाकावर एक म्हातारा प्रत्येक ओळ अर्धा ठोका उशिरा म्हणत होता, त्यामुळं सगळ्या गाण्यांना प्रतिध्वनी आल्यासारखं वाटत होतं. पाळक तरुण होते. उपदेशकाच्या पुस्तकावर बोलले, जिथं सगळं व्यर्थ आहे, असं पुन्हा पुन्हा येतं. ते म्हणाले, आपण व्यर्थ म्हणतो म्हणजे फुकट गेलेलं, वाया गेलेलं. मूळ हिब्रू शब्द आहे 'हेवेल', त्याचा साधा अर्थ श्वास, वाफ. आणि मग त्यांनी असं काही सांगितलं की, मी पर्समधून पेन काढलं. आदाम-हव्वेचा दुसरा मुलगा, ज्याला भावानं शेतात मारलं, तो हाबेल. त्याचं नावही तेच, हेवेल. बायबलात पहिला मेलेला माणूस आणि त्याचं नाव श्वास.

बाकी प्रवचन लांबलं. दहाएक मिनिटं कमी चाललं असतं. पण तेवढ्या एका गोष्टीसाठी मी पुन्हा साठ किलोमीटर जाईन. पुस्तकभर जे 'व्यर्थ' म्हणून वाचलं, ते सगळं मला आता हाक मारल्यासारखं वाटायला लागलं. हाबेल, हाबेल, सगळंच हाबेल.

दुपारी आत्याच्या एका जुन्या सहकारी सिस्टरकडं जेवलो. येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, मेथीचा घोळाणा. दोघी मिळून कोण कोण गेलं, याची उजळणी करत होत्या. एकीनं नाव घ्यायचं, दुसरीनं साल सांगायचं. सालावरून वाद झाला की दवाखान्यातली बदली, कुणाचं लग्न, कुठला दुष्काळ असे पुरावे निघायचे. १९७२ फार वेळा आलं. दोघींपैकी कुणी डोळे पुसले नाहीत. आमटी तिखट होती म्हणून नाकं तेवढी पुसली.

सोमवार, ३ नोव्हेंबर

लिहिण्यासारखं फार नाही. अंबड, शहागडला गोदावरी, गेवराई, बीड. पुलाखालच्या पाण्याचा रंग अजून गढूळ. नदीकाठच्या शेतांत माती खरवडून गेलेली, खाली नुसता मुरूम दिसतो. बीडच्या पुढं टायर पंक्चर. पंक्चरवाल्यानं आत्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि पैसे वाजवून घेतले.

अंबाजोगाईला मुक्काम. संध्याकाळी मुकुंदराजांच्या समाधीला जाऊन आलो. लॉजमध्ये गरम पाणी सकाळी सहा ते सात. रात्री आत्यानं ती पिशवी उघडली.

पितळी तांब्या. आतली कल्हई गेलेली, काठ एका बाजूला जरासा दबलेला. गळ्याखाली ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं नाव. पूर्वी भांड्याच्या दुकानातच छिन्नी-हातोडीनं टकटक करून घालून द्यायचे तसं. सौ. अमुक हिस, भाऊबीज, १९७८. नाव इथं लिहीत नाही. नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही. भावाला ते लिहायची गरज वाटली नसणार.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. जालन्याच्या दवाखान्यातून जीप निघाली, तिच्यात आत्या होती. वय एकोणपन्नास. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी, लोक गणपती बोळवून उशिरा येऊन झोपलेले. काळ्या दगडांच्या रुंद भिंती, मातीत बांधलेल्या, वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा म्हणून जे बांधलं तेच अंगावर आलं. हा सगळा टापू तेव्हा भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात सुरक्षित समजला जायचा. आठ-दहा हजार माणसं गेली.

"पाऊस थांबत नव्हता," आत्या म्हणाली. दिवा मालवला होता, ती अंधारातच बोलत होती. "लाकडं मिळेनात, तर पडलेल्या घरांची वासे-तुळया काढून सरणं रचली. आणि त्यांच्या केसांत गुलाल होता गं. पावसानं तो ओघळायचा. आधी मला वाटायचं रक्त. मग बोट लावून बघायची मी, रक्त का गुलाल."

एका पोरानं ढिगाऱ्यातून हा तांब्या काढून तिच्या हातात दिला, जखमा धुवायला. आठ दिवस ती त्याच तांब्यानं पाणी पाजत होती. परत आल्यावर बॅग रिकामी केली तर कपड्यांत हा.

"मग पाठवला का नाहीस इतकी वर्षं?"

"कुणाला पाठवू?" थोड्या वेळानं म्हणाली, "ड्यूटी होती. मग रिटायर झाले, मग गुडघे. ही सगळी सांगायची कारणं आहेत. मला तिथं जायचा धीर नव्हता."

मंगळवार, ४ नोव्हेंबर

लातूर, औसा, किल्लारी. रस्ता चांगला, दोन्ही बाजूंना काढलेल्या सोयाबीनची पिवळी धस्कटं, मधेच तुरीचा हिरवा पट्टा.

आधी जुन्या किल्लारीला गेलो. गाव होतं तिथं आता झाडोरा. बाभळी, घाणेरी, मधेच एखादा दगडी चौथरा, एखादी विहीर. नीळकंठेश्वराचं देऊळ, स्मृतिस्तंभ. आत्यानं गाडीतून उतरून चार पावलं टाकली आणि थांबली. तिला वाटलं होतं, तंबू कुठं होता ते ओळखू येईल. "हा चढ नव्हता," म्हणाली. मग, "असंल." एका ढिगावर सीताफळाचं झाड होतं, त्याला डोळे उघडलेली दोन सीताफळं. मुलानं हात वर केला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तसाच खाली घेतला.

नवं गाव तिथून जवळच. सरळ आखलेले रस्ते, ओळीत बांधलेली काँक्रीटची घरं, बत्तीस वर्षांत त्यांनाही खोल्या फुटल्यात, वर पत्रे चढलेत. मराठवाड्यातल्या कुठल्याही गावाला एक बोळ असतो, जिथं दोन म्हशी समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं. इथं तो नाही. पाराखाली बसलेल्यांपैकी एकानं विचारलं, "कुठून आलाव?"

सगळं सांगितलं. तांब्या हातोहात फिरला. जो तो नाव वाचायचा, उलटा करून बुड बघायचा, पुढच्याला द्यायचा. एक म्हणाला, "भूकंपात भांडीच भांडी आली बघा गावात. ट्रकनं. पाणी पिणारं मानूस नव्हतं." नावावरून काही लागेना. शेवटी एका पोराला सांगितलं, यांना अमक्या आजीकडं घेऊन जा, तिला सगळी जुनी घरं पाठ आहेत.

आजी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. वय आत्याच्याच आसपासचं असेल, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. आत्या समोर बसली, खाली बसता येत नाही म्हणून पायरीवर, आणि तांब्या त्यांच्या हातात दिला. आजींनी चष्मा वर केला. वाचता येत नव्हतं. ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि पोराला म्हणाल्या, वाच.

त्यानं वाचलं.

"ह्या नावाच्या चौघी होत्या गावात," आजी म्हणाल्या. "येक वाण्याची, येक पाटलाच्या वाड्यामागची, येक आमच्या शेजारची. तिघी बी गेल्या."

"आणि चौथी?" आत्यानं विचारलं.

"चौथी मीच की."

आत्या पुढं सरकली. "मग हा तुमचाच."

आजींनी शेंगांचं सूप बाजूला केलं. "भाऊबीज म्हनला न्हवं का त्यानं? मला भाऊच न्हाई. आमी पाच भैनी."

कुणी काही बोललं नाही. आजींनी तांब्या परत चाचपला, दबलेला काठ, बुड, पुन्हा नाव. "तिघीतल्या कुनाचा तर असंल. ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी." मग आत्याकडं वळून, "तुमी चोरला म्हनता, तर बत्तीस वर्सं घासून ठिवला व्हय?"

"दर नाताळाला," आत्या म्हणाली. "चिंचेनं."

"दिसतंय."

आजी उठल्या, भिंतीला धरत आत गेल्या. माठावरची झाकणी वाजली. बाहेर आल्या तेव्हा तांब्या काठोकाठ भरलेला, थोडं पाणी पायावर सांडलं. "उन्हाचं आलाव. पाणी पिवा."

आत्यानं दोन्ही हातांनी तांब्या धरला. वरून धार धरून प्यायची तिची सवय, पण आता मान मागं जात नाही. तिनं काठाला तोंड लावलं आणि मग लक्षात येऊन थबकली.

"प्या की," आजी म्हणाल्या. "उष्टा झाला तर झाला."

आत्या सगळा प्यायली. मधे एकदा थांबून श्वास घेतला, पुन्हा प्यायली. रिकामा तांब्या आजींनी घेतला, पदरानं पुसला आणि मुलाला विचारलं, "तुला रं?"